राखणीची जागा

शाळेची मधली सुट्टी झाली होती. नारायणगावच्या आमच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका. एका पोरीच्या बुटाच्या नाडीची गाठ सोडवत बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. शरीफाचाचींचा. एरवी चाची फोनवर आधी माझी, मग नवऱ्याची, मग आमच्या गाईची चौकशी करतात आणि मगच मुद्द्यावर येतात. त्या दिवशी म्हणाल्या, "सुमन, तुझे चाचा गेले गं... सकाळी चहा मागितला, तो आणेपर्यंत गेले." मी गाठ सोडवली, बूट पोरीच्या हातात दिला, वारूळवाडीच्या फाट्यावर आले आणि मिळेल त्या जीपने जुन्नर गाठलं. वाटेत रडू आलं नाही. राग आला. पंधरा वर्षं एक प्रश्न मी तोंडातल्या तोंडात घोळवत ठेवला होता, आज विचारू उद्या विचारू करत, आणि हा माणूस मला संधीच न देता उठून गेला. असं कुठं असतं का!

हमीदचाचा जुन्नरला मोटारसायकलींच्या आणि जीपच्या सीटा शिवायचे. गल्लीच्या तोंडाशी दुकान, दारात फाटक्या सीटांचा ढीग, आत रेक्झिनचा आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. ते बाहेर गेले की मागे दुकान चाची बघायच्या. शिलाईचा हात चाचींचा जास्त साफ होता, हे चाचाच सांगायचे. त्या दिवशी ती गल्ली भरून गेली होती. मढकडच्या डोंगरातल्या आम्ही बायका दाराशी दाटीवाटीने बसलो होतो. कुणी पोलिसात आहे, कुणी नर्स, कुणी घोडेगावला पोरींना खेळ शिकवते, कुणी आपल्या घरी भात लावते. सगळ्या चाचांच्या पोरी. शेजारची एक म्हातारी आमच्याकडे बघून म्हणाली, "एवढ्या लेकी व्हत्या हमीदला?" मी म्हटलं, "होत्या की, दोन अख्ख्या टीम भरतील." जनाजा उठला तेव्हा माझ्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, टोपी सारखी केली आणि पुढे होऊन खांदा दिला. माझी मान ताठ झाली.

चाचांची आणि आमची गाठ पडली ती सीटेमुळेच. मढच्या एका जीपवाल्याची सीट बसवायला ते आले होते आणि आम्ही पोरी शाळेमागच्या पटांगणात हवा गेलेला बॉल तुडवत होतो. थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हे काय चाललंय?" आम्ही ऐटीत सांगितलं, फुटबॉल. "हा फुटबॉल? मला वाटलं घरात साप निघालाय!" आणि पुढच्या आठवड्यात मोपेडवर बसून हजर, पिशवीत स्वतःच्या हाताने शिवलेला बॉल. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस जुन्नर ते मढ. ना पगार, ना सर्टिफिकेट. तरुणपणी जुन्नरच्या टीममध्ये गोलकीपर होते, गुडघा गेला आणि खेळ सुटला, पण डोक्यातून काही गेला नाही. दुकानातल्या छोट्या टीव्हीवर परदेशातले सामने बघायचे, आणि तिकडच्या एखाद्या प्रशिक्षकाने नवी चाल काढली की पंधरा दिवसांत ती मढच्या पोरींपर्यंत पोचलेली असायची. पुण्याच्या शाळांना पत्ता लागायच्या आधी. खोटं वाटेल, पण खरं आहे.

आणि ती समजावून सांगायची त्यांची तऱ्हा! फॉल्स नाइन म्हणजे अशी फॉरवर्ड, जी पुढे थांबायच्या ऐवजी मागे मागे येते. आम्हाला काही केल्या कळेना. मग चाचा म्हणाले, "पावणी येणार म्हणून तुमी सैपाक केला, अन् पावणी बसली शेजारच्या घरी. आता तुमी चुलीपाशी बसून ऱ्हाल का शेजारी बघायला जाल?" बघायला जाऊ, आम्ही म्हणालो. "मग तुमच्या घराला कोण? घर उघडं! तिथंच गोल!" लो ब्लॉक म्हणजे सगळ्यांनी आपल्या गोलपाशी दाटून उभं राहणं, ते म्हणायचे, गारा पडायला लागल्या की ओट्यावर कशा दाटता, तसं. बॉक्स-टू-बॉक्स मिडफिल्डर म्हणजे जुन्नर-मढ एसटीचा कंडक्टर, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत सारखा फिरणारा. आम्ही हसायचो आणि हसता हसता ते अंगात भिनायचं.

घोटाळा झाला तो प्रेसिंगचा. प्रेसिंग म्हणजे समोरच्याकडे बॉल गेला रे गेला की सगळ्यांनी मिळून त्याला कोंडायचं, श्वास घेऊ द्यायचा नाही. आता आमच्या पश्चिम पट्ट्यात पडकई असते. डोंगराच्या उतारावर भातखाचर काढायचं तर एका घराची ताकद पुरत नाही, म्हणून सगळी घरं एकत्र येतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही. चाचांनी कुणाकडून तरी हे ऐकलं आणि लहान मुलासारखे खूष झाले. "अरे, हेच तर प्रेसिंग! पोरींनो, बॉल गेला की पडकई!" आम्हाला एका शब्दात समजलं. फारच समजलं. घोडेगावला पहिला सामना, समोर बूट-मोजे घातलेली तालुक्याची टीम. चाचा काठावरून ओरडले, "पडकई!" आणि आम्ही अकराच्या अकरा जणी त्या बॉलवर जाऊन पडलो. अकरा! आमची गोलकीपर हिरासुद्धा गोल सोडून धावत आली, कारण पडकईला बोलावणं आल्यावर घरात बसून राहिलं तर गाव नाव ठेवतं. त्या पोरींनी बॉल नुसता आमच्या मागे सारला आणि मोकळ्या गोलात चालत नेऊन टाकला. असे सात. लोक पोट धरधरून हसले. चाचांचा चेहरा पडला होता, पण आम्हाला रागावले नाहीत. "चूक माझी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या अंगणात आले, आईला विचारायला, की पडकईला खरंच सगळी जातात का. आई भात पाखडत होती. ती म्हणाली, "समदी कशी जातील, भाऊ? एक जण मागं राखणीला ऱ्हातीच की. समद्यांची पोरं, गुरं, चूल कोन बघनार?" चाचांनी विचारलं, "कोण ऱ्हातं मग?" "कुनी का ऱ्हाईना. जिची कंबार धरली ती, न्हाई तर दिवस गेलेली, न्हाई तर म्हातारी." चाचा तसेच उठले, आणि त्या संध्याकाळी सरावाला माझ्याकडे बोट करून म्हणाले, "सुमन, आजपासून तू राखण. सगळ्या पुढं गेल्या तरी तू मधून हलायचं नाही."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. टीममध्ये सगळ्यात जास्त गोल माझे! मी पुढची, मी पळणारी, आणि मला हे कंबर धरलेल्या बाईच्या जागेवर बसवणार? होल्डिंग मिडफिल्डर म्हणतात त्या जागेला, सहा नंबर म्हणतात, आज मी पोरींना फळ्यावर काढून दाखवते. तेव्हा मला एवढंच कळलं की मला मागं टाकलं. आणि त्यात माझं सगळंच अडकलेलं होतं. दहावी होत आली होती, ओतूरकडचं एक स्थळ घरी येऊन गेलं होतं. दादांनी सांगून टाकलं होतं, "जिल्ह्याच्या टीमला नाव लागलं तर पुण्याला शीक. न्हाई लागलं तर मग माझं ऐकायचं." जिल्ह्याची निवड करणारे साहेब गोल मोजतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी चाचांच्या पुढे रडले, भांडले, दोन दिवस सरावाला गेले नाही. ते काही बधले नाहीत. "मागंच ऱ्हायचं बेटा," म्हणाले. का, ते सांगितलं नाही. मी पण डोक्यात राख घालून घेतली आणि विचारलं नाही.

निवडीचा सामना पुन्हा घोडेगावलाच झाला. टीम तीच, बूट-मोजेवाली. या वेळी हिरा गोलातच होती, नऊ जणी पडकईला जात होत्या आणि मी मध्ये उभी राहून, मान वळवून वळवून, दोन्ही खांद्यांवरून मागे बघत होते, कोण मोकळं सुटतंय, बॉल कुठून येईल. एकदा समोर रान असं मोकळं झालं, असं मोकळं, की चार पावलं टाकली असती तर गोल माझाच होता. पाय शिवशिवले. दादा काठावर उभे होते... आणि मी गेले नाही. कशी थांबले, देव जाणे. आम्ही एक-शून्यने जिंकलो. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. यादी वाचली गेली. गोल मारणारीचं नाव होतं, गोल वाचवणाऱ्या हिराचं होतं. माझं नव्हतं.

चाचांचा आवाज चढलेला मी तो एकदाच ऐकला. टेबलापाशी जाऊन म्हणाले, "साहेब, माझी सहा नंबर का नाही?" साहेबांनी विचारलं, गोल किती? एकही नाही. तिच्या पासवर कुणी मारला? नाही. "मग?" चाचा म्हणाले, "दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा बॉल मधून किती वेळा आला ते सांगा." साहेब आठवू लागले. आठवेना, कारण एकदाही आला नव्हता. "तो का आला नाही ते तुमी बघितलंच नाही," चाचा म्हणाले. साहेब हसले आणि म्हणाले, "चाचा, झालेल्या गोष्टीची यादी करता येते. न झालेल्याची कशी करू?"

यादी बदलली नाही. मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी मोपेड अंगणात थांबली. दादांनी चाचांना पाणी दिलं आणि आधीच सांगितलं, "भाऊ, आपला शब्द ठरलेला व्हता. नाव लागलं न्हाई." चाचा पाणी प्याले आणि भलतंच विचारलं, "गेल्या साली तुमच्या वरच्या खाचराची पडकई झाली, तवा घरी कोण ऱ्हायलं व्हतं?" दादा म्हणाले, "माझी आई." "तिनं किती ढेकळं फोडली?" दादांना राग आला. "तिनं कशाला फोडायची? समद्यांची पोरं तिच्यापाशी, गुरं तिच्यापाशी. ती व्हती म्हनून तर आमी बिनघोर रानात..." आणि दादा बोलता बोलता थांबले. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जाऊ दे तिला पुण्याला. शिकू दे."

मी शिकले. हॉस्टेलला राहिले, खेळाची पदवी घेतली, नोकरी लागली, लग्न माझ्या मर्जीने झालं. हे सगळं त्या माणसामुळे, हे मी छाती पुढे काढून सांगते. पण मनातला काटा काही निघाला नाही. शेवटी त्यांनीही मला आजीच्याच पंगतीला बसवलं ना! मी खरंच पुढे कमी पडायचे का? एवढं एकच विचारायचं होतं. दर ईदला शीरखुर्मा प्यायला जायचे, वाटी हातात घ्यायचे, आणि विचारायची हिंमत व्हायची नाही. "हो, कमी पडायचीस," असं म्हणाले असते तर...

चाचांचा चाळिसावा दिवस झाल्यावरच्या रविवारी आम्ही सगळ्या मढला जमलो. ठरवलं कुणी, सांगता येणार नाही; फोनाफोनी होत गेली. शाळेमागच्या ज्या जमिनीवर आम्ही खेळायचो ती एका अंगाने उतरती आहे, बॉल सारखा ओढ्यात जातो. चाचा इतक्या घरांच्या पोरींसाठी राबले, त्यांच्या रानाची पाळी कधी आलीच नव्हती. म्हणून ही त्यांची पडकई, मैदान सपाट करायची. फावडी आली, घमेली आली, दादांची पहार आली. माझी आई आता थकली आहे, तरी आली. मी पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी फावडं उचललं. हिराला बजावलं, "आज मी काही मागं राहणार नाही, सांगून ठेवते."

आणि जुन्नरच्या एसटीतून शरीफाचाची उतरल्या. सोबत डाळभाताचं मोठं पातेलं. इतक्या वर्षांत त्या मढला पहिल्यांदाच येत होत्या. कमरेवर हात ठेवून मैदान बघत राहिल्या. "एवढंसं हाय व्हय," म्हणाल्या, "मला वाटलं लई मोठं असंल." मग वरच्या अंगाच्या उंबराखाली बसल्या आणि सगळ्यांची पोरं आपल्याभोवती गोळा केली. फावडं तसंच खांद्यावर टाकून मी त्यांना पाणी द्यायला गेले. त्या माझ्याकडे बघून हसल्या. "तू लई रडली व्हतीस ना तवा? मी बोलले व्हते त्यांना. म्हणलं, पोरगी इतकी रडती, एक डाव पुढं सोडा की तिला. लई गोल मारती म्हणता ना? तर म्हणले, मारती, तिच्यासारखे कुणीच मारत नाही. म्हणलं, मग? तर मलाच म्हणले, शरीफा, तू उद्या माझ्यासंगं मढला चल. मी म्हणलं, अन् दुकान? गिऱ्हाईक? तुमच्या अम्मीची दवा? तर हसायला लागले. म्हणले, तू मागं हाय म्हणून मी जातो. तसली एक त्या अकरात सापडलीय मला, एकच. तिला तिथनं कशी हलवू?"

खाली मैदानात फावडी चालली होती, धूळ उडत होती. हिरा ओरडली, "सुमे, पानी द्यायला गेलीस का झोपायला? चल की खाली!"

मी फावडं उंबराला टेकवून ठेवलं. "तुम्ही चालू द्या," मी वरून ओरडले, "मी इथं आहे." आणि चाचींच्या मांडीवरचं किरकिरणारं पोर माझ्याकडे घेतलं.