फोनातलं दुकान

आमची सुकटवाली मावशी रेवदंड्यात हाक मारते तेव्हा खाडीपलीकडची कुत्री उठून बसतात. फोनवर ‘सुके बोंबील’ शोधणाऱ्याला तिचं नाव दिसावं म्हणून मी जाहिरात लावून दिली. ती कुणी दाबली की मावशीचे पैसे कापले जातात, हे कळल्यावर ती कडाडली, “नुसतं बघायला येनाऱ्याचं भाडं पन मीच भरू?” तरी गिऱ्हाईक वाढलं.

परवा बाजारात तिच्यासमोरच सुकट विकणाऱ्या तिच्या हाडवैरिणीच्या नवऱ्याची होडी परतली नाही. कोळीवाड्यानं बाजार बंद ठेवला. मावशी फोन घेऊन आली.

“जाहिरात बंद कर.”

“आत्ताच तर ऑर्डरी यायला लागल्यात, मावशी!”

“तिचा घरवाला दर्यात हाय, आन मी फोनात दुकान उघडून बसू?”

मी जाहिरात बंद केली. मावशी वैरिणीच्या दारात गेली आणि तिच्याशेजारी नुसती बसून राहिली.