हळद-मिठातला मासा

माशाच्या तुकड्यांना हळद-मीठ चोळताना तो कच्चा वास बोटांना लागला की मला बिरवाडीची भाड्याची खोली आठवते. थोरल्या जावेचं दोन महिन्यांचं बाळ गेलं, तेव्हा मोठ्या दिरांनी तिला काचेच्या पेटीत एक सोनेरी मासा आणून दिला होता. एकदा त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. महाडच्या दुकानदाराने सांगितलं म्हणून तिने त्याला मिठाच्या पाण्यात, टोपात वेगळं ठेवलं आणि वर चिमूटभर हळद टाकली. माझं पोर कडेवर घेऊन मी म्हटलं, "ताई, हळद-मीठ लागलंच हाय, तवा ठेवू का?" ती हसली नाही, नुसती पाणी बदलत राहिली. चौथ्या दिवशी ठिपके गेले, तशी ती टोप घेऊन गावाहून आलेल्या सासूबाईंना दाखवायला धावली. त्या म्हणाल्या, "मासा जगवलास गो, पोर नाय जगवता आलं तुला." मी फिस्सकन हसले. जावेने तवा तापवला, मासा जिवंतच त्यावर टाकला आणि शेपटी आपटायची थांबेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. "घे," ती म्हणाली, "ठेवला तवा." आजही घरात विषय निघाला की सगळे म्हणतात, तिचं डोकंच फिरलं होतं. मीही हो म्हणते आणि तव्यावरची तुकडी उलटते.