पाहुण्यांचा कॉलम

राखोलीच्या औषध कारखान्यातल्या प्रयोगशाळेत दोन कॉलम होते. कॉलम म्हणजे वीतभर लांबीची पोलादी नळी. तिच्यातून औषधाचं द्रावण दाबाने जातं आणि संगणकाच्या पडद्यावर एक उंच, सडसडीत टोक उमटतं. त्याला तिथे सगळे पीक म्हणत. टोक सरळ आलं तर ठीक. ते फाटलं किंवा त्याला लांब शेपूट फुटलं, की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

त्यातला जुना कॉलम रोज राबायचा. नवा मात्र कपाटात कुलूपबंद असे आणि फक्त ऑडिटला बाहेर निघे. ही शिस्त जयवंतची. शिंदखेड्याहून आलेला जयवंत कित्येक वर्षं इथे केमिस्ट होता आणि इन्चार्जच्या खुर्चीवर त्याचा डोळा होता. मॅनेजर नारायण सर म्हणालेही होते, "एवढं ऑडिट नीट पार पाड, खुर्ची तुझी."

आमलीतल्या भाड्याच्या घरात जयवंतची बायको रजनी काचेचे कप पाहुण्यांसाठी राखून ठेवी आणि नवऱ्याला कान तुटलेल्या कपात चहा देई. त्यावरून तो तिची यथेच्छ थट्टा करी. वस्तू घ्यायची आणि वापरायची नाही, म्हणजे काय म्हणावं या बायकांना!

ऑडिटच्या दिवशी औषध विकत घेणाऱ्या कंपनीचे तपासनीस मुंबईहून आले. जयवंतने नवा कॉलम दोन्ही हातांनी बाहेर काढला, यंत्राला जोडला आणि नमुना सोडला. पडद्यावर टोक उमटलं ते मधोमध दुभंगलेलं.

जयवंतने नमुना पातळ केला. द्रावण नव्याने बनवलं. सगळे जोड आवळले. टोक दुभंगलेलं ते दुभंगलेलंच, वर पंपाचा दाबही चढलेला. तपासनीस शांतपणे चहा पीत होते. जयवंतला वाटलं, खुर्ची चालली हातची.

हाताखालची धनश्री हळूच म्हणाली, "दादा, मागच्या ऑडिटनंतर हा धुतला होता ना?"

काम संपलं की कॉलममधलं क्षाराचं पाणी धुऊन काढायचं आणि आत मिथेनॉल भरून ठेवायचं, हा नियम धनश्रीला जयवंतनेच शिकवलेला. पण नव्या कॉलममधून आणखी काही सोडायचं त्याच्या जिवावर आलं होतं. उगाच झिजायचा! म्हणून तो फक्त बाहेरून पुसून, टोपणं लावून, देव ठेवावेत तसा कपाटात ठेवला होता. आत क्षार सुकून घट्ट बसले होते.

"जुना लाव," तो कसाबसा म्हणाला.

जुना लागला आणि टोक आलं उंच, सरळ, शेपूट नावापुरतं. तपासनीस खूश झाले. "जुना असून छान सांभाळलाय," म्हणाले आणि सही करून गेले.

नारायण सरांनी जयवंतची पाठ थोपटली. "घे, आजपासून तू इन्चार्ज. ही कपाटाची किल्ली. आता तो जुना कॉलम धू आणि आत ठेवून दे. पुढच्या ऑडिटला तोच लावायचा."

"सर, मग रोजच्या कामाला?"

"ते तू बघ. इन्चार्ज कोण आहे?"

जयवंतने जुना कॉलम या वेळी मन लावून धुतला आणि कुलूप घातलं. धनश्री बिघडलेला कॉलम हातात धरून उभी होती. "दादा, उद्याची बॅच तपासायला काय लावू?"

"तोच धुऊन बघ. घे चालवून," जयवंत म्हणाला आणि तिची नजर टाळून निघाला.

घरी बातमी ऐकून रजनीला आनंद झाला. तिने देवापुढे साखर ठेवली आणि चहा आणला, कान तुटलेल्या कपात.

"आज तरी पाहुण्यांचे काढायचेस ना," तो म्हणाला.

"का? तुम्ही काय पाहुणे आहात?"

खिशातली किल्ली मांडीला टोचत होती. जयवंत त्याच कपातून चहा प्यायला.