तनुजाने पाण्यात सोडलेलं मूल

तनुजा लग्न होऊन पिंपळे सौदागरला आली तेव्हा सासऱ्यांच्या, म्हणजे मारुतरावांच्या शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या. त्यातल्याच एकीत हे कुटुंब राहायचं. नवरा रणजीत चाकणच्या कंपनीत सुपरवायझर. ती तळवड्याला एका छोट्या कारखान्यात खरेदीचं काम बघायची, आणि येता-जाता बसमध्ये मोबाइलवर गोष्टी लिहायची. गोष्टी जुन्याच, पण आजच्या काळात आणलेल्या. तिचा राक्षस बंद पडलेल्या फाउंड्रीत राहायचा आणि नावडती राणी कॉल सेंटरला जायची.

सासूबाई कौशल्याबाई व्रताच्या कहाण्या तोंडपाठ सांगत. त्यातली शिळासप्तमीची कहाणी तनुजाला छळायची. गावच्या तळ्याला पाणी लागत नाही. देवी म्हणते, गावच्या प्रमुखाचा थोरला नातू द्या. सासरा सुनेला माहेरी पाठवतो आणि पोर तळ्यात देतो. तळं भरतं. पुढे सून काठावर येऊन मूल मागते, आणि देवी ते परत करते.

तनुजाने तळ्याच्या जागी सोसायटीची टाकी घातली. बोअर आटलंय, टँकर येत नाहीत, चेअरमन असलेला सासरा सुनेला माहेरी धाडतो. ती परत येते तेव्हा घरोघरी नळाला पाणी असतं, आणि तिच्या स्वयंपाकघरातला नळ सोडला की पायपातून मुलाचं हसणं ऐकू येतं. मूल काही येत नाही. शेवटी ती बाई नळाखाली बादली लावते, कारण पाणी तर लागतंच.

ही गोष्ट दिवाळी अंकात आली आणि लोकांना फार आवडली. शेवट वाचून अंगावर काटा आला, असे फोन आले. कौशल्याबाईंनीही ओळीखाली बोट धरून ती सावकाश वाचली. त्या दिवसापासून त्या नातवाला, तनुजाच्या निरंजनला, एकट्याला न्हाणीत जाऊ देईनात.

भाऊबीज झाली आणि निरंजनला ताप भरला. गोळीने उतरायचा, पुन्हा चढायचा. रिपोर्टमध्ये डेंग्यू निघाला आणि पोराला ॲडमिट करावं लागलं. प्लेटलेट रोज खाली येत होत्या. डॉक्टरांनी सगळ्यांना विचारतात तसं यांनाही विचारलं, घरात कुठे पाणी साठवून ठेवता का? रणजीत म्हणाला की गच्चीवरच्या टाकीचं झाकण फुटलंय. मच्छर कसा होतो, ताप कसा येतो, हे तनुजाला ठाऊक होतं. तरी मनात एकच घोळत राहिलं, की आपणच लिहिलं होतं.

तिने हे रणजीतला सांगितलं. तो वैतागला. असलं काही बोलू नकोस एवढंच म्हणाला, आणि त्याचा चेहरा बघून तिला कळलं की तोही घाबरलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरंजनच्या हिरड्यांतून रक्त आलं. त्याला आयसीयूत हलवलं आणि या दोघी सासूसुना बाहेर बाकावर बसल्या. कौशल्याबाईंनी टाकीच्या गोष्टीचा विषय काढला.

"तू ते पोरगं परत का न्हाई आणलंस?"

तनुजा म्हणाली, "आई, ती नुसती गोष्ट आहे."

"व्हय, गोष्टच हाय. लई चांगली हाय, म्हणून तर भ्याले मी."

तनुजाने हात जोडले. म्हणाली, तुम्ही सांगा ना कहाणी, इथे बसून सांगा, मी ऐकते. कौशल्याबाईंनी मान हलवली.

"पाण्यात तू सोडलंस त्याला. मी काढून कसं चालंल? तूच काढ."

मग तनुजाने सांगायला सुरुवात केली. समोर कुणी डबा खात होतं, कुणी फोनवर बोलत होतं. तिने टाकी बाजूला ठेवली, तळंच धरलं. सून माहेराहून निघाली, तळ्यापाशी आली, तिने काकडीच्या पानावर दहीभात ठेवला, पाण्यात उतरली. इथे तनुजा अडकली. पाणी गुडघ्यापर्यंत, पाणी कमरेपर्यंत, एवढंच ती म्हणत राहिली. आयसीयूचं दार उघडायचं आणि दरवेळी तिला वाटायचं, आता आपलं नाव घेतील. कौशल्याबाईंनी तिला शब्द पुरवला नाही. फक्त तिचं मनगट घट्ट धरलं.

"तिच्या पायाला काहीतरी बिलगलं," तनुजा शेवटी म्हणाली. "तिने खाली हात घातला, तर तिचंच मूल होतं. भिजलेलं, जिवंत. ती त्याला घेऊन घरी आली."

कौशल्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

संध्याकाळी रक्त थांबलं. तिसऱ्या दिवशीच्या रिपोर्टला प्लेटलेटचा आकडा वर सरकला. डॉक्टर म्हणाले, या आजारात असंच होतं, ठरावीक दिवस गेले की पोरं सावरतात. तनुजाने ते मनापासून मान्य केलं. निरंजन घरी आला, चिडचिडा आणि हडकुळा, आणि आल्या आल्या भजी मागू लागला.

दिवाळी अंकाची संपादक विजयश्री आता तनुजाच्या गोष्टींचं पुस्तक काढणार होती, आणि टाकीची गोष्ट तिला सगळ्यात पुढे हवी होती. तनुजाने ती काढून टाकायला सांगितलं. विजयश्रीने खूप समजावलं. जुन्या कहाणीतल्या बाईला तू पहिल्यांदा खरं दुःख दिलंस, म्हणाली. अंधश्रद्धेला शरण जाते आहेस का, असंही विचारलं. मग शेवट बदलून दे, म्हणाली. तनुजाने तो बदलायला घेतला, पण मूल परत आलं की तिची गोष्ट लुळी पडायची, आणि न आणावं तर तिचा हात चालेना.

पुस्तक आलं. त्यात ती गोष्ट नाही. कुणी विचारलं तर तनुजा कारण लपवत नाही. मला भीती वाटली, म्हणते, अजून वाटते.