झाकणातून दिसलेला शनी

भूत, करणी, बाहेरचं... यातलं मी कधी काही मानलं नाही आणि आज पंच्याऐंशी उलटल्यावरही मानत नाही. तेव्हा 'मास्तर, शेवटी तुम्हीसुद्धा!' असं लिहायला कुणी सरसावलं असेल तर त्यानं आधी पूर्ण वाचावं.

साल १९६२, दिवाळी होऊन तीन आठवडे झालेले. गाव अणदूर. मी तिथं शाळेत विज्ञान शिकवायचो. तारे बघायचा नाद होता, म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारातून एक पितळी दुर्बीण आणली होती. माझा मित्र निवृत्ती शेतकरी, अंगठाबहाद्दर. त्याला विहीर खणायची होती, पण जोशीबुवांनी साडेसाती सांगितली आणि घरच्यांनी काम अडवलं. साडेसातीची उरलेली अडीच वर्षं कुदळ लावायची नाही म्हणे! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ज्याला भितोस तो एकदा डोळ्यांनी बघ तरी.

दिवेलागणीनंतर त्याच्या खळ्यावर दुर्बीण मांडली. नळीवरून शनीवर नेम धरला आणि पहिला मान त्याला दिला. त्याचा चेहरा बघायचा होता, म्हणून कड्याबद्दल मुद्दाम चकार शब्द काढला नव्हता.

त्यानं डोळा लावला. मग म्हणाला, "मास्तर, ह्यो तर कड्यात बसलाय. बोराएवढा हाय. कडं तिरपं हाय, अन् डाव्या अंगाला एक बारका ठिपका." बोटानं मातीत काढूनही दाखवलं.

मग मी डोळा लावला. मिट्ट काळोख. हात पुढं नेला तर भिंगावर पितळी झाकण घट्ट बसलेलं — मीच काढायला विसरलो होतो. झाकण काढून पुन्हा पाहिलं. कडं तसंच तिरपं. ठिपका डाव्या अंगालाच.

"यातून दिसलं तुला?" मी झाकण त्याच्यापुढं धरलं.

"दिसलं. खोटं कशापायी बोलू?"

खरं सांगतो, मी घाबरलो. तोंडून निघून गेलं, "निवृत्ती, चार दिवस थांब. विहिरीचं नंतर बघू."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "मास्तर, तुमीच मला हितं बशिवलं, अन् आता तुमीच जोशीबुवावानी बोलाय लागले व्हय? दिसला, लई चांगला दिसला. त्याच्या जागी त्यो, माज्या रानात मी."

शनिवारी सकाळी त्यानं पहिली कुदळ मारली. घरचं कुणी फिरकलं नाही. मी गेलो, पण त्याच्या नजरेला नजर देता आली नाही.

आता म्हणाल, त्यानं कुठंतरी चित्र पाहिलं असेल. मग तो ठिपका, म्हणजे रोज जागा बदलणारा शनीचा चंद्र, चित्रात त्या संध्याकाळसारखा बरोबर डावीकडं कसा आला? झाकण फुटकं असेल म्हणाल, तर मी ते दुसऱ्या दिवशी उन्हात धरून पाहिलं. टाचणीएवढंही भोक नव्हतं. कुणाला उलगडा करता आला तर जरूर करा, मी साठ वर्षं थांबलोय. मला तो करता आलेला नाही आणि ते कबूल करायची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्याला 'थांब' म्हणालो त्याची.