अंगाले कापूसच मानवते

रात्रीतून उत्तरेचा वारा सुटला होता आणि अकोल्यासारख्या भट्टीच्या गावालाही त्या सकाळी हुडहुडी भरली होती. जठारपेठेच्या मागच्या गल्लीत वामनराव गावंडे बंबात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडून टाकत बसले होते. पऱ्हाटी ओली असली की धूर करते, डोळ्यांतून पाणी काढते. आजची चांगली खडखडीत होती, तरी ते डोळे पुसत होते.

"अवो, आटपा ना," सत्यभामाबाईंनी आतून आवाज दिला. "तेरवीच्या घरी जोडीचा माणूसच उशिरा गेला तं कसं दिसन?"

जोडीचा माणूस. किसनराव ढोरेंच्या घराण्यात रीत होती. गेलेल्याच्या बरोबरीच्या एकाला तेरवीला पाटावर बसवायचं, नवे कपडे घालायचे आणि गेलेल्याच्या नावानं पहिला घास त्याला द्यायचा. किसनरावांच्या बायकोनं, भागीरथाबाईंनी, वामनरावांचंच नाव सांगितलं होतं. किसन गेला तो आपल्या सांगण्यानं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. वहिनींना ते ठाऊक आहे की नाही, एवढंच कळत नव्हतं. आज आपणच सांगून टाकायचं, मग त्या घराचा उंबरा राहो की जावो, असं ठरवून ते बंबापुढून उठले.

वामनरावांची सगळी उमर जिनिंगात कापूस पाहण्यात गेलेली. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची आणि धागा केवढा ते सांगायचं. टेरिकॉटचा सदरा त्यांनी लग्नातही अंगाला लावला नव्हता. किसनराव एसटीत कंडक्टर. अचलपूरच्या गाडीत उभं राहून राहून गुडघे गेले, वरून साखर. डॉक्टर म्हणाला, चालणं सोडा, सायकल धरा. लेक प्रणाली अमरावतीला बँकेत होती आणि तिथल्या सायकलवाल्यांच्या टोळीत पहाटे हिंडायची. तिनं बापाला पातळ चाकांची सायकल घेऊन दिली. मग वामनरावांनी एक जुनी मिळवली. एकटा किसन्या कुठं जाणार?

उन्हाळा तापायच्या सुमाराला प्रणालीनं कपड्यांचं गाठोडं धाडलं.

"पाह्य बे वामन्या, पोरीनं काय धाडलं!" किसनरावांनी चड्डी उलटी करून दाखवली. बुडाशी गादी शिवलेली.

"लेकराचं दुपटं हाय काय बे हे?"

फोनवर प्रणाली हसत होती. "बाबा, त्याच्या आत दुसरं काई घालाचं नसते. नाईतं जांघा सोलून निघतीन."

"घ्या! आता पोरगी बापाले चड्डी घालाले शिकवून राहिली," किसनराव कानापर्यंत लाल होत म्हणाले.

पण प्रणालीनं सोडलं नाही. उन्हाळ्यात फिक्या रंगाचा, पातळ, पुऱ्या बाह्यांचा सदरा घालायचा. पावसाळ्यात वारा खेळेल असं हलकं जाकीट, प्लास्टिकचा रेनकोट नव्हे, त्यात माणूस आतून भिजतो. थंडीत अंगालगत घाम न धरणारं काहीतरी पातळ, आणि त्यावर वारा अडवणारा कोट. "आन् काका, बाबाले सुती बंडी घालू देऊ नोका. ते घाम धरून ठेवते."

वामनरावांना ते झोंबलं. "अवं पोरी, कापसाच्या मुलुखात कापूस नोको म्हणतं? अंगाले कापूसच मानवते."

आणि उन्हाळ्यात त्यांचंच खरं झालं. निघताना बंडी पाण्यात पिळायची, डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा. बाळापूर रोडवर गरम वारा लागला की ती ओली बंडी कूलरच्या खसाच्या ताटीसारखी गार पडायची. किसनराव खूश. परत आले की दारातूनच ओरडायचे, "भागीरथे, चहा ठेव! वामन्यानं अंगातच कूलर बसवून देल्ला!" दोघांना तिथंच ओसरीवर चहा मिळायचा. पावसाळ्यात बंड्या वाळेनात, काखा सोलवटल्या, तर खोबरेल लावून दोघं हसले. प्रणालीचे सदरे घडीचे घडीला राहिले.

मग थंडी आली आणि तो कोट आला. काळा, पाठीवर नारिंगी पट्टा. किसनराव घालून आरशापुढं उभे राहिले. त्यांना तो आवडला होता, हे वामनरावांनी पाहिलं. पाहूनही ते बोललेच, "पेट्रोल पंपावर लागला काय बे? हवा भर माह्या गाडीत!"

किसनरावांनी कोट काढून कपाटात टाकला. बंडी चढवली, वर लोकरीचं स्वेटर.

त्या दिवशी जाताना वारा पाठीमागून होता. दोघं जोरात गेले, घामानं निथळले. टपरीवर बसून चहा घेतला, गप्पा हाणल्या. परतताना वारा समोर आला. स्वेटरातून आरपार जात होता. ओली बंडी किसनरावांच्या छातीला चिकटून बसली आणि त्यांचे दात वाजायला लागले.

"वामन्या, तुहा कूलर बंद होऊन नाई राहिला बे," ते म्हणाले. तेव्हाही दोघं हसलेच.

ताप चढला, खोकला छातीत उतरला, न्यूमोनिया निघाला. दवाखान्यातून किसनराव घरी आले ते चौघांच्या खांद्यावर जायलाच. डॉक्टर म्हणाला, वय होतं, साखर होती, एका बंडीनं माणूस जात नाही. पण बंडीचा काही संबंधच नाही, असंही तो म्हणाला नाही.

तेरवीच्या घरी अंगणात मांडव होता. वामनरावांना पाटावर बसवलं. भाऊबंदांतले म्हातारे देवमनबुवा ताटातला एकेक कपडा उचलून देऊ लागले. धोतर झालं, सदरा झाला, टोपी झाली, दुपट्टा झाला. बुवांनी ताट चाचपलं.

"भागीरथा, बंडी कोठी हाय वं? बंडी राहून गेली."

दारात उभ्या भागीरथाबाई सरळ वामनरावांकडे पाहत म्हणाल्या, "बंडी नाई आणली मी."

बाकी कोणाला काही उमगलं नाही. वामनरावांनी पहिला घास खाली मान घालून घेतला.

पंगती उठल्यावर ते मागच्या अंगणात गेले. भागीरथाबाई भांड्यांना राख लावत होत्या.

"वयनी, मले बोलाचं हाय."

"माहीत हाय मले," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आरशापुढं खुलले होते कोट घालून. तुमी हासले. मी म्हंतलं, घाला हो, पोरीनं हौशीनं धाडला. तं म्हणे, वामन्या उद्या अजून हासन."

"माह्याच्यानं चुकी झाली, वयनी."

"तुमी वाईटासाठी थोडीच सांगतलं." त्यांचा हात थांबला. "पण भाऊजी, जलमभर त्याईनं तुमचं ऐकलं. माह्यं अन् लेकीचं एकडाव ऐकलं असतं तं..." त्यांनी राखेच्या हातानंच डोळे पुसले.

मांडवातून कोणी तरी वाढप्याला हाका मारत होतं.

"एक सांगू? राग मानू नोका. सकाळी तुमी दारात आले का मले वाटते, मागून तेही सायकल लावून राहिले. मंग वाट पाहतो मी, येड्यासारखी. मले नाई होत. चहाले येत नोका जाऊ."

"कवापर्यंत, वयनी?"

भागीरथाबाईंनी पुन्हा राख घेतली. एक पातेलं पालथं घातलं, दुसरं ओढलं.

वामनराव घरी आले ते पायीच, कोऱ्या धोतराचा सोगा हातात धरून. सत्यभामाबाईंनी चेहरा पाहिला आणि विचारायचं टाळलं. म्हणाल्या, "ज्वारीचं पीठ संपलं. चक्कीवाला लवकर बंद करते आजकाल."

त्यांनी जुना सदरा चढवला, ज्वारीचा पिपा खांद्यावर घेतला आणि चक्कीकडे निघाले. तिथं दोघं-तिघं आधीच उभे होते. वामनरावांनी पिपा रांगेत ठेवला आणि त्याच्यामागं उभे राहिले.