टपालरावांचं अडकलेलं टपाल

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे टपालराव म्हणत. टपालखात्याशी ह्यांचा काडीचा संबंध नव्हता. हे टाइपरायटर दुरुस्त करायचे. पण मागच्या खोलीत ह्यांनी एक कॉम्प्युटर टेलिफोनच्या लाइनला जोडून ठेवला होता आणि गावातली तीसएक माणसं आपापल्या घरून त्याला फोन लावून पत्रं टाकायची, वाचायची. बुलेटिन बोर्ड म्हणायचे त्याला. रोज पहाटे पाचला आमचं मशीन दुसऱ्या शहरातल्या मास्तरांच्या मशीनला फोन लावायचं, इकडची पत्रं तिकडे, तिकडची इकडे. ह्यात पैसा दमडीचा नाही, उलट बिल आम्हीच भरायचो. मी पुष्कळ डोकं आपटलं, पण ज्याला नाद लागला त्याला लागला.

माणूस तसा सरळ, पण हेकट. चाळीस वर्षं स्क्रू पिळून पिळून मानही तशीच ताठ झालेली. प्रत्येक पत्राची कार्बन कॉपी काढून फाइलला लावायची, अगदी दूधवाल्याला चिठ्ठी लिहिली तरी. मास्तर म्हणजे गणित शिकवून निवृत्त झालेले ह्यांचे जुने दोस्त. दोघांचा एक नियम होता. दोन्ही मशीनना एकच पासवर्ड ठाऊक असायचा, तो जुळला तरच टपाल हलायचं, नाहीतर मशीन लाइन तोडून मोकळं. हा पासवर्ड दर सहा महिन्यांनी बदलायचा, आळीपाळीने एकाने ठरवायचा आणि दुसऱ्याला कळवायचा तो फक्त कागदावर, पोस्टाने. फोनवर नाही, मशीनमधून तर नाहीच. एखाद्या देशाचा खजिना सांभाळल्यासारखं चालायचं दोघांचं.

आमची एकुलती लेक ह्या मशीनसमोर बसूनच मोठी झाली. बापाने तिला सगळं शिकवलं, आणि ती शिकून कॉम्प्युटर विकणाऱ्या कंपनीत लागली, मास्तरांच्याच शहरात. तिथवर ठीक होतं. पण कोर्टाच्या कचेरीतले चाळीस टाइपरायटर, ज्यांच्यावर आमचं घर चालायचं, ते भंगारात काढून नवे कॉम्प्युटर बसवायचं काम तिच्या कंपनीला मिळालं, आणि त्या कागदावर सही हिची. वर घरी येऊन म्हणाली, "बाबा, आमच्याकडे दुरुस्तीला माणूस हवाय, मी तुमचं नाव सुचवलंय." तिने चांगल्या मनाने म्हटलं होतं. ह्यांना मात्र ते असं झोंबलं की म्हणाले, "ह्या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस." ती तशीच उठून गेली. दोन वर्षं दोघांच्या तोंडाला कुलूप. मला तिची कार्डं यायची, त्यात बापाचं नावही नसायचं.

मग एका महिन्याच्या शेवटच्या दिवशी, रविवारी पहाटे, मास्तरांच्या मशीनमधून ह्यांच्या नावावर तिचं पत्र आलं. तिला परदेशात नोकरी लागली होती. अठरा तारखेला निघते, लिहिलं होतं. त्याआधी तुमचं दोन ओळींचं का होईना उत्तर आलं तर घरी येऊन जाईन. न बोलावता येणार नाही, तुम्हीच तसं सांगितलंय.

तीन दिवस ह्यांचं कशात मन नाही. जेवणावर लक्ष नाही, दुकानात लक्ष नाही. बुधवारी बसले आणि लिहिलं. मला वाचून दाखवलं. "माझं चुकलं. घर तुझं आहे. ये." एवढंच. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून 'माझं चुकलं' मी पहिल्यांदा ऐकत होते. मला हुंदका आला, तर म्हणतात, "रडायला काय झालं, चहा टाक."

दुसऱ्या दिवशी पहाटे मशीनने फोन लावला, पलीकडून शिट्टी आली, आणि पडद्यावर उमटलं: पासवर्ड जुळत नाही. लाइन तुटली. तेव्हा हे म्हणाले की सोमवारपासून असंच चाललंय, मास्तरने काहीतरी घोळ घातला असणार.

झालं. ह्यांचं शोधकार्य सुरू. केबल बदलली, मोडेम उघडून झटकला, मशीनच्या नोंदवहीचे कागदच्या कागद छापले. समोरचा औषधवाला, आमच्या बोर्डावरचाच, दुकानातून हाक मारायचा, "काय टपालराव, संप आहे का?" मी रोज विचारायची, गेलं का? उद्या नक्की, म्हणायचे. माझा जीव टांगणीला. मी म्हटलं, मी साधं कार्ड टाकते तिला, बाबांनी बोलावलंय म्हणून. तर उसळले, "मी लिहिलंय ना? माझं मला सांगू दे. मध्ये तोंड घालू नकोस." आणि मी घातलं नाही. हे माझं पाप, ते मी कुणावर ढकलत नाही.

सतरा तारीख उजाडली तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मास्तरांना फोन करायचा म्हणजे पंचाईत, त्यांची लाइन दिवसभर मशीनलाच, उचललं की कानात नुसती किंचाळी. पण दुपारी चार ते पाच ते मशीन बंद ठेवायचे, माणसांसाठी. मी औषधवाल्याच्या दुकानातून बरोबर चारला फोन लावला.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "पासवर्ड ठरवायची पाळी ह्या खेपेला त्याचीच होती. त्याने पाठवला तो मी एक तारखेपासून लावला. त्याचं मशीन जुनाच सांगतंय. स्वतःच ठरवून स्वतःच्याच मशीनला लावायचा विसरला वाटतं. मी पाच तारखेला पत्र टाकून तसं कळवलंय की. पोचलं नाही का?"

मी घरी आले ते थेट मागच्या खोलीत. हे मशीनसमोर बसलेले. मी न विचारता कीबोर्ड उचलला, लपवायचं ते हे त्याखालीच खुपसायचे. खाली मास्तरांचं पत्र होतं आणि त्याच्यासोबत ह्यांची स्वतःची कार्बन कॉपी, फाइलमधून काढलेली, नव्या पासवर्डची.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"मंगळवारी. नऊ तारखेला."

"आणि आज सतरा आहे."

ह्यांनी कार्बन कॉपीची घडी घातली. मग म्हणाले, "विसरलो हे खरं. तिचं पत्र आलं आणि एक तारीख डोक्यातून गेली. पण कळल्यावर धीर होईना गं. टपाल गेलं, आणि तरी ती आली नाही तर? पासवर्ड चुकलेला होता तोवर निदान त्याच्यावर ढकलता येत होतं."

मला भयंकर राग आला. आणि कीवही आली, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "लावा तो पासवर्ड. माझ्यासमोर लावा." त्यांनी लावला. एक मिनिटाचं काम होतं. पाचला मास्तरांचं मशीन सुरू व्हायची वाट बघितली, फोन लावला, आणि पहिल्या झटक्यात जुळलं. ह्यांचं पत्र गेलं. मग तिकडचं सतरा दिवसांचं साठलेलं टपाल येऊ लागलं. औषधवाल्याचं, वकिलाचं, कुणाकुणाचं. मधे तिचं एक, सोळा तारखेचं. हे वाचेनात, म्हणून मी वाचलं.

"बाबा, पासवर्ड जुळत नाही हे मास्तरांनी सांगितलं. असा बिघाड शोधायला तुम्हाला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, मला तुम्हीच शिकवलंय. तरी वाटलं, खरंच काही मोठं असेल. म्हणून रविवारी आले होते. मागच्या खिडकीशी उभी राहिले. तुम्ही मशीनसमोर बसला होतात, हात मांडीवर ठेवून. अर्धा तास बघितलं. तुम्ही कशालाच हात लावला नाहीत. मग समजले. तिकीट अलीकडचं करून घेतलंय, आज निघते. आईला जपा."

तिची पत्रं नंतर येत राहिली, तब्येत विचारणारी, व्यवस्थित. ह्यांचं ते पत्र मास्तरांनी कागदावर छापून तिच्या पत्त्यावर पाठवलंही. पोचल्याचं तिने कळवलं. आली मात्र नाही, हे गेले तेव्हाही नाही.

तिचं ते पत्र वाचलं त्या संध्याकाळी हे कितीतरी वेळ खिडकीकडे बघत होते. मग मला विचारलं, "अगं, रविवारी मी खरंच नुसता बसलो होतो का? काहीतरी करत असेन ना?"

रविवारी मी दोनदा चहा नेला होता आणि दोन्ही कप तसेच गार परत आणले होते. 'करत होतात काहीतरी' म्हटलं असतं तर माणसाला तेवढाच आधार झाला असता. पण माझ्या डोळ्यांपुढे ती खिडकीबाहेर उभी होती.

"नुसतेच बसला होतात," मी म्हटलं.